ताळा मात्र आपणच करायचा

गेल्या दोन वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न जीएसटीचा नाही आणि प्राप्तिकराचाही नाही. लोक विचारतात, ''मोबाईलमधला तो चॅटबॉट म्हणे हिशेब लिहून देतो. खरं आहे का हो?'' विचारणारे नाना प्रकारचे असतात. कुणाचं भुसार मालाचं दुकान आहे, कुणी बचत गटाची वही सांभाळतं, कुणी गृहनिर्माण संस्थेचे खजिनदार आहेत, तर कुणी नुकतंच बी.कॉम. होऊन नोकरी शोधतंय. दुकानदाराला वाटतं, चला, हिशेबाची कटकट संपली. नोकरी शोधणाऱ्याला वाटतं, आपली नोकरी लागण्याआधीच गेली. तालुक्याच्या गावी छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिण्याचं काम मी तीस वर्षं करतो आहे आणि हे नवं साधनही रोज हाताळतो आहे. त्या आधारावर आज या प्रश्नाचं उत्तर देण्याचा प्रयत्न करणार आहे.

हिशेबाची साधनं बदलणं ही काही नवी गोष्ट नाही. व्हेनिसमध्ये १४९४ साली लुका पाचिओली या गणितज्ञ धर्मगुरूचा एक ग्रंथ छापला गेला. तिथले व्यापारी ज्या रीतीनं वह्या लिहीत, ती रीत त्यानं त्यात मांडली. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात, एक जमेची आणि एक नावेची, आणि दोन्हींची बेरीज सारखी आली पाहिजे, हे तिचं मर्म. आपल्याकडेही पेढ्यांवर कीर्द होती, खतावणी होती, दिवाळीच्या पाडव्याला पूजल्या जाणाऱ्या लाल कापडाच्या चोपड्या होत्या. पुढे संगणक आला. १९८६ साली बंगळुरूत गोयंका पिता-पुत्रांनी जो उद्योग सुरू केला, त्यातून 'टॅली' घडलं आणि ते दुकानादुकानांत पोचलं. दौत गेली, कळफलक आला. पण दोन बाजू जुळल्या पाहिजेत, हा नियम पाचशे वर्षांत कुणी बदलला नाही.

मग नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' सर्वांसाठी खुला झाला. त्यापाठोपाठ 'जेमिनी' आणि इतर आले. हे मराठीत विचारलेलं समजतात, मराठीत उत्तर देतात आणि रात्री अकरा वाजताही कंटाळत नाहीत. आता प्रश्न असा, की हे साधन टॅलीच्या जातीचं आहे का? माझ्या मते सगळा घोटाळा इथेच होतो. लोक त्याला टॅलीचा धाकटा भाऊ समजतात, आणि तो तसा नाही.

टॅलीसारखी प्रणाली म्हणजे शिस्तीत वागणारी कोठी. तुम्ही एका बाजूला पाच हजार आणि दुसऱ्या बाजूला चार हजार नऊशे लिहिलेत, तर ती नोंद पुढे सरकूच देत नाही. तिला भाषा कळत नाही, पण बेरीज ती चुकत नाही. चॅटबॉटचं उलट आहे. प्रचंड प्रमाणावर लिखित मजकूर वाचून तो एक गोष्ट शिकलेला असतो, ती म्हणजे आधीच्या शब्दांनंतर पुढचा शब्द बहुधा कोणता येईल. शब्दाला शब्द जोडत तो उत्तर रचतो. त्याच्या पोटात तुमची वही नसते, खतावणी नसते, जमा-नावे जुळलंच पाहिजे असं कुलूपही नसतं. म्हणून त्याचं वाक्य नेहमी घोटीव असतं, मग आतला आकडा बरोबर असो वा चूक.

आकड्यांकडेही तो मुळात शब्दांसारखाच पाहतो. एखादी मोठी रक्कम त्याच्यापर्यंत तुकड्यातुकड्यांनी पोचते. दोन-चार रकमांची बेरीज तो बरोबर करतो. पण महिनाभराच्या दीडशे नोंदी एकदम दिल्या आणि बेरीज मागितली, तर एखादी ओळ गळू शकते, एखादी दोनदा धरली जाऊ शकते. अलीकडचे काही चॅटबॉट अशा वेळी पडद्यामागे छोटासा प्रोग्रॅम लिहून त्याच्याकडून गणित करून घेतात. तेव्हा बेरीज सहसा बरोबर येते. पण समोरच्या उत्तरावरून तो खरोखर मोजून बोलतोय की अंदाजानं, हे आपल्याला दर वेळी कळतंच असं नाही.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, मग हे साधन हिशेबाच्या कामाचं नाहीच. तसंही नाही. रोजच्या हिशेबात बेरीज-वजाबाकी हा खरं तर लहान भाग. मोठा भाग समजण्याचा आणि समजावण्याचा असतो, आणि तिथे चॅटबॉटचा उपयोग होतो.

बचत गटाचं उदाहरण घेऊ. एका ताईंनी गटाकडून दहा हजार रुपये कर्ज घेतलं. व्याज दरमहा एक टक्का, फेड दहा हप्त्यांत, दरमहा हजार रुपये मुद्दल. एकूण व्याज किती? गटात दोन मतं पडतात. एक म्हणते, महिन्याला शंभर, दहा महिन्यांचे हजार. दुसरी म्हणते, दर महिन्याला मुद्दल कमी होतं, मग व्याजही कमी व्हायला हवं. पहिल्या महिन्याला शंभर, दुसऱ्याला नव्वद, तिसऱ्याला ऐंशी, असं करत शेवटच्या महिन्याला दहा. बेरीज होते साडेपाचशे. फरक साडेचारशे रुपयांचा. रक्कम लहान वाटेल, पण अशा साडेचारशे रुपयांवरून गटातल्या बायकांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे. वही लिहिणारीवर संशय येतो, आणि ती बिचारी कुणाला विचारणार?

हाच प्रश्न चॅटबॉटला साध्या मराठीत विचारा. तो दोन्ही पद्धती समजावून सांगतो. सरसकट मुद्दलावरचं व्याज म्हणजे काय, घटत्या शिलकीवरचं म्हणजे काय, महिन्यावार तक्ता कसा मांडायचा, सगळं. 'पुन्हा सांग, अजून सोपं करून सांग' म्हटलं तर पुन्हा सांगतो. शिकवणीच्या दृष्टीनं ही मोलाची सोय आहे. पण यांपैकी कोणती पद्धत या गटाला लागू, हे त्याला माहीत नाही. ते गटाच्या इतिवृत्तात, कर्ज देताना झालेल्या ठरावात लिहिलेलं असतं. म्हणजे रीत चॅटबॉटनं सांगितली, पण निकाल आपल्याच कपाटातल्या कागदानं दिला. या साधनाचा योग्य वापर मला असाच दिसतो.

दुसरा उपयोग खर्च कोणत्या खात्यात टाकायचा हे समजून घेण्याचा. दुकानातल्या फ्रीजमध्ये गॅस भरला, अठ्ठावीसशे रुपये झाले. पुढच्या महिन्यात नवा फ्रीज घेतला, बत्तीस हजारांचा. नवशिका माणूस दोन्ही 'फ्रीज खर्च' म्हणून लिहितो. वास्तविक पहिला दुरुस्तीचा खर्च, तो त्याच वर्षाच्या नफ्यातून वजा होतो. दुसरी मालमत्ता, ती ताळेबंदात जाते आणि तिच्यावर दर वर्षी घसारा काढायचा असतो. हा भेद आणि त्यामागचं कारण चॅटबॉट चांगलं सांगतो. नव्या मुलांना मी सांगतो, नोंद अडली तर 'कुठे टाकू' एवढंच विचारू नका, 'का' हे विचारा. पुढच्या वेळी विचारावं लागणार नाही.

तिसरा उपयोग पत्रांचा. उधारी वसूल करणं हे छोट्या व्यापाऱ्याचं सर्वांत अवघड काम. माणूस ओळखीचा असतो, कडक लिहावं तर संबंध बिघडतात, मऊ लिहावं तर पैसे येत नाहीत. 'गिऱ्हाईक जुनं आहे, तीन महिने थकले आहेत, मान राखून पण तारीख मागून चार ओळी लिहून दे,' असं सांगितलं की चांगला मसुदा मिळतो. आपल्या बोलीप्रमाणे दोन शब्द बदलले की झालं.

चौथा उपयोग बँकेची जुळवणी समजून घेण्याचा. हे थोडं सविस्तर सांगतो, कारण महिन्याच्या शेवटी इथेच माणसं अडतात. समजा तुमच्या रोजमेळानुसार बँकेत ४८,२५० रुपये आहेत आणि पासबुक सांगतं ५१,६००. फरक ३,३५० रुपयांचा. चूक कुणाची? बहुधा कुणाचीच नाही, फक्त वेळेचा आणि माहितीचा फरक असतो. तुम्ही एका व्यापाऱ्याला ६,२०० रुपयांचा चेक दिला, त्यानं तो अजून बँकेत भरलेलाच नाही. तुम्ही ४,००० रुपयांचा चेक भरलात, तो अजून वटलेला नाही. बँकेनं ११८ रुपये शुल्क कापलं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. कुणीतरी क्यूआर कोडवरून १,२६८ रुपये पाठवले, तेही वहीत आलेले नाहीत. आता मांडा. ४८,२५० मध्ये ६,२०० मिळवा, ४,००० वजा करा, ११८ वजा करा, १,२६८ मिळवा. बरोबर ५१,६०० येतात.

चॅटबॉटला दोन्ही शिलका दिल्या आणि विचारलं, 'फरक कशानं पडला असेल?' तर तो ही सगळी कारणं यादी करून सांगतो. कोणतं मिळवायचं, कोणतं वजा करायचं, तेही सांगतो. एक्सेलच्या तक्त्यात कोणतं सूत्र घातलं म्हणजे न जुळलेल्या नोंदी वेगळ्या दिसतील, तेही लिहून देतो. पण तो ६,२०० रुपयांचा चेक त्या व्यापाऱ्याच्या गल्ल्यात पडून आहे की हरवला आहे, हे त्याला कळणार नाही. त्यासाठी फोन उचलून विचारावंच लागतं.

आता धोक्यांकडे येतो. पहिला धोका शिळ्या माहितीचा. चॅटबॉटचं वाचन एका तारखेपर्यंतचं असतं. त्यानंतर काय बदललं हे त्याला आपोआप कळत नाही. काही जण इंटरनेटवर शोधून उत्तर देतात, पण प्रत्येक वेळी शोधतातच असं नाही. आपल्याकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर मोठ्या प्रमाणावर बदलले. बहुतेक वस्तूंसाठी १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले आणि ५ व १८ हे मुख्य टप्पे राहिले. शाळेच्या वह्या आणि पेन्सिलींवर १२ टक्के कर होता, तो शून्य झाला. कंपासपेटी १२ वरून ५ वर आली. अंगाचा साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ वरून ५ वर आलं. स्टेशनरीच्या दुकानदारानं जुन्या माहितीवर बसलेल्या चॅटबॉटला वहीचा दर विचारला, तर तो ठामपणे १२ टक्के सांगू शकतो. दुकानदार गिऱ्हाइकाकडून लागू नसलेला कर घेतो, बिल चुकतं आणि पुढचं विवरणपत्रही चुकतं.

प्राप्तिकराचंही तसंच. १९६१ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेनं २०२५ मध्ये नवा प्राप्तिकर कायदा संमत केला, आणि तो १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, 'आकारणी वर्ष' जाऊन 'कर वर्ष' हा शब्द आला. चॅटबॉटनं वाचलेले लाखो लेख मात्र जुन्या कलमांचे. त्यामुळे उत्तरात जुनं आणि नवं यांची भेसळ होण्याची शक्यता मोठी.

दुसरा धोका याहून गंभीर. माहिती नसली तरी वाक्य पूर्ण करणं ही चॅटबॉटची सवय. कलम, परिपत्रक, न्यायालयाचा निवाडा असं काही मागितलं, तर अस्सल वाटेल असा नकली दाखलाही तो देऊ शकतो. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेले निवाडे तसेच न्यायालयात सादर केले. ते निवाडे कधी झालेच नव्हते. न्यायालयानं पाच हजार डॉलर दंड केला. हे दूर देशीचं झालं म्हणाल, तर मुंबईचं ऐका. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एका कंपनीच्या प्राप्तिकर आकारणीचं प्रकरण आलं. आकारणीच्या आदेशात तीन निवाड्यांचा आधार घेतला होता, आणि ते तिन्ही निवाडे मुळात अस्तित्वातच नव्हते. न्यायालयानं तो आदेश रद्द केला, प्रकरण नव्यानं विचारासाठी परत पाठवलं आणि बजावलं, की कृत्रिम बुद्धिमत्तेनं पुरवलेली माहिती ताडून पाहिल्याशिवाय वापरू नये. जिथे कायद्याची पुस्तकं हाताशी असतात तिथे हे घडतं, तर आपल्या गल्ल्यावर बसून विचारणाऱ्यानं किती सावध राहावं?

तिसरा धोका गोड बोलण्याचा. चॅटबॉट बहुधा विचारणाऱ्याच्या कलानं बोलतो. 'हा घरचा खर्च दुकानाच्या नावे टाकला तर चालेल ना?' असं विचारलंत तर तो चालण्याची कारणं शोधतो. 'चालणार नाही ना?' विचारलंत तर न चालण्याची. जुना मुनीम शेठजींना तोंडावर 'नाही बसत, मालक' म्हणायचा. ते म्हणणारं कुणी जवळ असणं ही मोठी गोष्ट होती. म्हणून प्रश्न तटस्थ विचारावा, आणि उत्तर आलं की लगेच पुढे विचारावं, 'याच्या विरुद्ध काय म्हणता येईल?' त्या दुसऱ्या उत्तरात बऱ्याचदा खरं अडणं सापडतं.

चौथी गोष्ट गुप्ततेची. हिशेबाची वही म्हणजे घरातली तिजोरी. त्यात तुमच्या गिऱ्हाइकांची नावं, त्यांची उधारी, नोकरांचे पगार, बँकेचे तपशील असतात. ते चॅटबॉटला दिले म्हणजे दूरच्या कुठल्या तरी संगणकावर गेले. काही सेवा अशी संभाषणं पुढच्या प्रशिक्षणासाठी वापरतात. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करता येतं, पण किती जण करतात? केंद्रीय अर्थ मंत्रालयानं जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयातल्या संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधनं वापरू नका असं कळवलं होतं, आणि कारण सरकारी माहितीची गुप्तता हेच होतं. आपण तेवढं कडक व्हायची गरज नाही, पण पॅन, आधार, खाते क्रमांक, पासवर्ड, ओटीपी यांतलं काहीही तिथे लिहू नये. पासबुकाचा फोटो काढून टाकण्याचा मोह टाळावा. नावांच्या जागी 'गिऱ्हाईक एक', 'गिऱ्हाईक दोन' असं लिहिलं तरी रीत समजायला काही अडत नाही.

मग वापरायचं कसं? मी स्वतः पाळतो आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना सांगतो, त्या पाच सवयी अशा.

पहिली, नोंद आधी वहीत, मग चॅटबॉटकडे. व्यवहार झाला त्या दिवशीच तो आपल्या हातानं कीर्दीत किंवा टॅलीत उतरवायचा. चॅटबॉटशी झालेलं संभाषण म्हणजे हिशेबाची वही नव्हे.

दुसरी, आकडा मागण्याऐवजी रीत मागायची. 'माझा नफा किती' यापेक्षा 'नफा काढताना काय मिळवायचं, काय वजा करायचं' हा प्रश्न चांगला.

तिसरी, बेरीज त्याच्या तोंडून घ्यायची नाही. त्याच्याकडून सूत्र घ्यावं आणि बेरीज तक्त्यात किंवा साध्या गणनयंत्रावर करावी.

चौथी, दर, तारीख आणि कलम या तीन गोष्टी सरकारी संकेतस्थळावर पाहिल्याशिवाय किंवा आपल्या करसल्लागाराला विचारल्याशिवाय धरायच्या नाहीत. चॅटबॉटनं परिपत्रकाचा क्रमांक दिला, तर ते परिपत्रक डोळ्यांनी पाहायचं. सापडलं नाही, तर ते नाही असंच समजायचं.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, ताळा दुसऱ्या वाटेनं करायचा. ज्यानं उत्तर दिलं, त्यालाच 'बरोबर आहे का' विचारणं म्हणजे ताळा नव्हे. जुन्या मुनिमांच्या युक्त्या इथे अजून कामाला येतात. तेरीज जुळत नसेल तर आधी फरक काढा. फरकाला नवानं पूर्ण भाग गेला, तर कुठेतरी शेजारचे दोन अंक उलटसुलट पडले असण्याची शक्यता असते. ५,४३० च्या जागी ४,५३० लिहिलं गेलं, तर फरक येतो ९००, आणि त्याला नवानं बरोबर शंभर वेळा भाग जातो. नवानं भाग जात नसेल, तर फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद शोधा. जमेची रक्कम नावेच्या बाजूला पडली असेल, तर फरक नेमका दुप्पट दिसतो. चॅटबॉटला विचारलंत तर तोही या युक्त्या सांगेल. पण वहीची पानं उलटून ती नोंद शोधायचं काम तुमचं.

आता थोडं पोटापाण्याविषयी. आमच्या बाजारपेठेतले एक दुकानदार मला हसत म्हणाले, ''भाऊ, मोबाईल फुकटात सांगतोय, मग तुम्हाला कशाला पैसे देऊ?'' मी म्हटलं, ''शेठ, नोटीस आली तर ती मोबाईलच्या नावानं येणार आहे का?'' हसण्यावारी गेलं, पण मुद्दा तोच आहे. विवरणपत्राची पडताळणी करदाता करतो, सही त्याची असते. चॅटबॉटनं सांगितलं होतं, हा बचाव कोणत्याही कचेरीत चालत नाही.

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात काय झालं ते आठवा. यूपीआयवरून आलेल्या रकमांच्या आधारे तिथल्या वाणिज्य कर विभागानं हजारो छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा पाठवल्या. मालाची विक्री वर्षाला चाळीस लाखांच्या पुढे गेली, सेवा असतील तर वीस लाखांच्या, की जीएसटीची नोंदणी लागते, हा आधार. नोटिसा मिळालेल्यांत भाजी विकणारे होते, दूध विकणारे होते, म्हणजे करमुक्त माल विकणारेही होते. बंगळुरूत अनेक दुकानांवरचे क्यूआर कोड उतरले, 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या.

त्यातून घ्यायचा धडा असा, की खात्यात आलेली प्रत्येक रक्कम ही विक्री नसते. मेहुण्यानं उसने घेतलेले परत केलेले असतात, घरभाडं आलेलं असतं, मुलाच्या फीसाठी भावानं पाठवलेले असतात. पण त्या दिवशी ते वहीत लिहिलेलं नसेल, तर दोन वर्षांनी सांगणार कोण? उत्तराचा मसुदा चॅटबॉट सुरेख लिहून देईल. ती रक्कम कशाची होती हे मात्र त्याला माहीत असणं शक्यच नाही. ते फक्त तुमच्या रोजमेळातली एक ओळ सांगू शकते. साधन कितीही हुशार झालं, तरी त्या ओळीची जागा ते घेऊ शकत नाही, असं मला वाटतं.

राहिला नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींचा प्रश्न. नुसती बिलं बघून आकडे भरण्याचं काम कमी होत जाणार, हे मी लपवत नाही. टॅली आलं तेव्हा नुसतं सुवाच्य अक्षर असलेल्या कारकुनाचं काम असंच गेलं. पण ज्याला तेरीज का जुळत नाही हे शोधता येतं, ज्याला गिऱ्हाइकाला समोर बसवून 'हे तीस हजार कशाचे?' असं विचारता येतं, ज्याला यंत्राचं उत्तर चुकलंय हे ओळखता येतं, त्याची गरज आहे आणि राहील. हे ओळखता येण्यासाठी मूळ विषय यावा लागतो. पाढे येणाऱ्यालाच गणनयंत्राची चूक कळते, तसंच हे. म्हणून चॅटबॉटकडून स्वाध्याय सोडवून घेण्यापेक्षा, आपण सोडवलेला स्वाध्याय त्याच्याकडून तपासून घ्या आणि त्यानं काढलेली चूक खरंच चूक आहे का, हे पुस्तकात पाहा. वर्षभर असं केलंत तर आमच्या वेळी पाच वर्षांत यायचं ते तुम्हाला लवकर येईल.

घरच्या वाचकांनाही एक सुचवतो. या महिन्याचा घरखर्च एका कागदावर लिहा. किराणा, दूध, वीज, औषधं, हप्ते असे गट पाडा. गट कसे पाडावेत हे हवं तर चॅटबॉटला विचारा. बेरीज स्वतः करा. मग महिन्याच्या सुरुवातीची शिलक, आलेले पैसे, गेलेले पैसे आणि आज हातात व बँकेत असलेले पैसे जुळतात का ते पाहा. बहुधा पहिल्यांदा जुळणार नाहीत. दोन-तीनशे रुपये कुठे गेले ते आठवेना, असं होईल. ते शोधायला लागलात की हिशेब म्हणजे काय हे कळायला सुरुवात होईल, आणि मग चॅटबॉटला काय विचारायचं तेही आपोआप सुचेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)